तीनच्या उन्हातली हाक

सोलापुरात उन्हाळ्यात सायकल चालवायची तर काही गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. ट्यूबमध्ये हवा थोडी कमी ठेवायची, नाहीतर उन्हात उभ्या उभ्या ती फुटते. सीटवर बसायच्या आधी तांब्याभर पाणी ओतायचं. हँडलला हात लावताना मध्ये रुमाल धरायचा. टोपीखाली ओला पंचा, खिशात कांदा. कांद्यानं ऊन लागत नाही हे खरं की खोटं, मला माहीत नाही. आई नातेपुत्याच्या बाजाराला निघताना कमरेला कांदा खोवायची, म्हणून मीही ठेवत आलो. आता पंच्याहत्तरी ओलांडल्यावर सोडायला काही कारण दिसत नाही.

मी अजून सायकलच चालवतो, कारखान्यात जायचो तीच. दूध, भाजी, बँक, दवाखाना, सगळं तिच्यावरच. यात काही व्रत वगैरे नाही. स्कूटर मला कधी आलीच नाही. पण हल्ली म्हातारा माणूस सायकलवर दिसला की लोकांना कौतुक वाटतं. आमची मुलगी पुण्याला असते. गेल्या एप्रिलमध्ये ती आली तेव्हा मी अंगणात चेनला तेल घालत होतो. ती मोबाईल घेऊन समोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आईला उन्हातून आणलं होतं ती गोष्ट सांगा ना."

मी सांगितली. इतक्या वेळा सांगितली होती की विचार करावा लागला नाही. मी कारखान्यातून सुटून घरी येत होतो, तीनचं ऊन होतं, रस्त्याच्या कडेला ही चक्कर येऊन बसलेली दिसली, मी तिला कॅरिअरवर बसवलं, स्वतः खाली उतरून सायकल ढकलत शुक्रवार पेठेतल्या आमच्या खोलीपर्यंत आणली. चपलेचा अंगठा तुटला होता, डांबर पायाला चिकटत होतं, पण थांबलो नाही. मुलीनं तो व्हिडिओ नातेवाइकांना पाठवला. तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. तलावाकाठी रोज सकाळी सायकलवाल्यांचा एक गट जमतो. त्यांच्यातले दोघे घरी आले आणि म्हणाले, येत्या रविवारी तुमचा दोघांचा सत्कार करायचाय. काकूंना शेजारी बसवू. तुम्ही तीच गोष्ट सांगा.

ती गोष्ट खरी नाही. चपलेचा अंगठा तुटला होता, पण तो माझ्या चपलेचा नव्हता. म्हणून हे लिहायला बसलोय.

खरं झालं ते असं. मी तेव्हा अक्कलकोट रोडकडच्या एका टॉवेलच्या कारखान्यात होतो. सकाळी सातची पाळी, तीनला सुटी. सुटलो की आम्ही चौघे एकाच रस्त्यानं सायकली हाणत यायचो. पुढच्यानं झळ घ्यायची, मागच्यांनी त्याच्या आडोशानं यायचं, थोड्या वेळानं जागा बदलायची. बोलणं कमी, थट्टा जास्त. त्या थट्टेतला एक कायमचा विषय म्हणजे बायकोला डबलसीट घेणारा माणूस. जत्रेला नेली, दवाखान्यात नेली तर चालायचं. पण कामाच्या रस्त्यावर, दिवसाढवळ्या, कामावरच्या माणसांच्या समोर कुणी बायकोला कॅरिअरवर घेतलं की पुढचा आठवडाभर त्याचं जिणं मुश्किल व्हायचं. "आज वरात कुणीकडं?" इथपासून सुरुवात.

ही माळशिरसची. लग्न होऊन आली तेव्हा शेतातलं सगळं काम यायचं, शहरातलं काही नाही. गल्लीतल्या तेलुगू बायकांनी तिला विड्या वळायला शिकवलं. रोज दुपारी वळलेल्या विड्या घेऊन विडी कारखान्याच्या ब्रँचवर जायचं, तिथं त्या तपासून घेतल्या की दुसऱ्या दिवसासाठी पानं आणि तंबाखू घेऊन परत यायचं. ही ब्रँच माझ्याच रस्त्यावर होती. तिची परतायची वेळ आणि माझी सुटायची वेळ बहुतेक एकच. म्हणजे पुष्कळ दिवस मी सायकलवर आणि ती पायी, एकाच रस्त्यानं, एकाच घरी जात होतो. मी पुढे निघून जायचो. ती मागून यायची आणि आल्या आल्या चुलीला लागायची. आम्हा दोघांनाही त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. निदान मला तरी नाही. तिला मी कधी विचारलं नाही.

त्या दिवशी आम्ही चौघे येत होतो. रस्त्याकडेला एका कडुलिंबाच्या सावलीत एक बाई बसलेली होती. पदर तोंडावर ओढलेला, शेजारी पानांची पिशवी. उन्हात सगळ्याच बायका तशा दिसतात. पण ती पिशवी माझ्या जुन्या पँटची शिवलेली होती. आम्ही जवळ आलो तशी तिनं हात वर केला आणि आम्ही पुढे सरकलो तेव्हा हाक मारली, "अवो, थांबा की."

आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे वाचणाऱ्यांतल्या तरुणांना हसू येईल, पण त्या दिवशी सगळं तेवढ्यावरच अडलं. तिनं नाव घेतलं असतं तर मला थांबावं लागलं असतं. "अवो" म्हटल्यावर ती हाक चौघांपैकी कुणाचीही होती. माझ्या पुढचा मागे न बघताच म्हणाला, "बघा रे, कुणाची मंडळी राहिली रस्त्यात." दुसरा म्हणाला, "माझी न्हाय बाबा, माझी एवढ्या हळू बोलत न्हाय." सगळे हसले. मीही हसलो, आणि पायडल मारलं.

मी हाक ऐकली होती. आवाज ओळखला होता. घरी जाऊन सायकल ठेवावी, सोबतचे पांगले की परत यावं, असं काहीतरी मनात होतं. तसं मी स्वतःला सांगत आलोय. प्रत्यक्षात घरी जाऊन मी माठातलं पाणी प्यालो आणि उंबऱ्यात बसून वाट बघितली.

तिला आणलं ते त्या लिंबासमोर पंक्चरचं दुकान चालवणाऱ्या एका मुसलमान गृहस्थांनी. माझ्याच वयाचे. सगळे त्यांना भाई म्हणायचे. तिला धड उभंही राहता येईना, तेव्हा त्यांनी दुकान तसंच उघडं टाकलं, स्वतःच्या सायकलच्या कॅरिअरवर तिला बसवलं आणि एक हात हँडलवर, एक हात सीटवर ठेवून सगळा रस्ता पायी चालत आले. सायकलवर टांग टाकली असती तर लवकर पोचले असते. पण परक्याची बायको मागे बसवून सायकल चालवली तर पेठेत तिला बोल लागेल, हे त्यांना कळत होतं. त्यांच्या चपलेचा अंगठा वाटेत तुटला. तुटकी चप्पल हँडलला अडकवलेली होती, दुसऱ्या बाजूला पानांची पिशवी.

गल्लीतल्या बायकांनी तिला आत घेतलं, कपाळावर ओली पट्टी ठेवली, कांदा फोडून नाकाशी धरला. मी भाईंना "बरं झालं" एवढं म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते मुद्दाम विचारायला आले. मी दारातच उभा राहिलो. "बरी हाय आता," म्हणालो. आत या म्हणालो नाही. त्या उन्हात आलेल्या माणसाला पाणीसुद्धा विचारलं नाही. ते "बरं, बरं" करत गेले. तिला मात्र मी रात्री बोललो, परक्याच्या सायकलवर बसलीसच कशी म्हणून. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

खोटं नंतर आलं, दोन-तीन दिवसांनी. तिचा भाऊ माळशिरसहून बघायला आला. शेतकरी माणूस, आडदांड, बहिणीवर जीव. त्यानं विचारलं, "दाजी, घरापत्तूर आणलं कुणी हिला?" भाईंचं नाव सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न होता, आणि तुमी कुटं होता? मी म्हणालो, "मीच आणलं की. सायकलवर बसवून, ढकलत." चपलेचा अंगठाही माझ्याच तोंडून निघाला. तो माझ्या पाया पडला. ही तिथंच पडून होती. तिनं पदर तोंडावर घेतला.

पुढे आम्ही पेठ सोडली. नवीन वस्तीत जुनं माहीत असलेलं कुणी नव्हतं. मुलगी लहान होती, तिला मामानं ती गोष्ट सांगितली आणि ती माझ्याकडे पुन्हा पुन्हा मागायला लागली. ही स्वयंपाकघरात असायची. मला वाटायचं, तिला चालतंय. मला असंही वाटायचं की मी हाक ऐकली होती, हे तिला ठाऊक नाही.

सत्काराचं आमंत्रण देऊन ते दोघे गेले. मी म्हणालो, "रविवारी ती निळी साडी नेस."

"तुमी जावा. मी न्हाय यायची."

"का गं?"

"गुडघं दुखत्यात."

"रिक्षा करू."

ती तांदूळ निवडत होती. ताट खाली ठेवून म्हणाली, "घरात चाललं. पावण्यारावळ्यांत चाललं. पर चारचौघांत तुमच्या शेजारी बसून मान हलवायची, ते मला जमायचं न्हाय."

इतक्या वर्षांत ती या विषयावर बोललेली ही पहिलीच वाक्यं. मी दुसऱ्या दिवशी सायकल काढली आणि अक्कलकोट रोडला गेलो. भाई असतील अशी खात्री नव्हती. रस्ता रुंद झालाय, लिंब नाही. पण दुकान होतं, थोडं मागे सरकलेलं, आणि ते आत बसून मोटारसायकलचं चाक घासत होते.

"हवा मारायची?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"न्हाय. ओळखलंत का?"

त्यांनी आधी सायकलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सायकल वळखली. मानूस जरा म्हातारा झालाय." मग हसले. "आमच्या सुनेनं मोबाईलवर दाखवलं तुमाला. लई बेस बोलला. फक्त सायकल माझी होती, तेवढं राहिलं."

मला हसता आलं नाही. मी म्हणालो, "माफी मागायला आलोय."

"अरे छोडो. बसा आधी." त्यांनी उलटं ठेवलेलं खोकं पुढे सरकवलं आणि माठातून ग्लास भरून दिला. मी पाणी प्यालो. मग ते चाकाकडे बघतच म्हणाले, "भाभी सगळ्या रस्त्याला एकच बोलत होत्या. उनो सुने नहीं भाई, टरक जा रहा था. मैं बोल्या, हौ भाभी, टरकाच्या आवाजात काय ऐकू येतंय."

"ट्रक होता?"

"भाभी बोल्या, तर होता." त्यांनी चाकाला एक गिरकी दिली. "मी तर हितंच बसलो होतो, रस्त्याकडं तोंड करून. जाऊ द्या आता."

ट्रक नव्हता. रस्ता मोकळा होता, म्हणून तर आम्हा चौघांचं हसणं एवढं मोठं झालं असावं. म्हणजे भाईंना पहिल्यापासून माहीत होतं. तिलाही. मी तिच्या भावाला खोटं सांगायच्या आधी, उन्हानं डोकं गरगरत असताना, कॅरिअरवर बसून तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं होतं. निघताना भाई म्हणाले, "भाभींना सलाम सांगा. ईदला शीरखुर्मा पोचतोय ना?"

दर ईदला एक डबा येतो आणि दिवाळीला आमच्याकडून एक डबा जातो, हे मला माहीत होतं. कुणाकडून आणि कुणाकडे, हे विचारायचं मला कधी सुचलं नव्हतं. गल्लीतल्या जुन्या ओळखीतलं कुणी, एवढंच धरून चाललो होतो.

घरी पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते आणि ऊन चढलं होतं. सायकल आत घेतली. ती बाजेवर बसून गुडघ्याला तेल लावत होती.

"भाईंनी सलाम सांगितलाय," मी म्हणालो.

"गेलता व्हय तितं."

"मी हाक ऐकली होती. ट्रक नव्हता."

ती तेल चोळत राहिली. "ठाऊक हाय. मागनं तुमची पाठ दिसत हुती की. हाक मारल्यावर ताठ झाली."

मला वाटलं, ती रडेल, किंवा मी. तसं काही झालं नाही. तिनं बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपेग? मी तितंच हुते. लेकीला सांगा. फोन लावा."

"आत्ता? ऑफिसात असेल."

"लावा."

मी फोन लावला. ही शेजारी बसली आणि आवाज मोठा करायला लावला. मी मुलीला सगळं सांगितलं, या कागदावर आहे त्याच क्रमानं, फक्त जास्त अडखळत. मधे ती दोनदा म्हणाली, "बाबा, थांबा, म्हणजे तुम्ही..." पलीकडून ऑफिसातला कीबोर्डचा आवाज येत होता.

मग ती म्हणाली, "आई, तू कधीच का नाही सांगितलंस?"

"मला कुणी इचारलं?" ही म्हणाली. "दर बारीला बाबा, सांगा ना, बाबा, सांगा ना. मी तितंच भाकऱ्या थापत असायची."

मुलीनं हळूच म्हटलं, "आता सांग. मी बाहेर जिन्यात येऊन बसते."

ही फोन माझ्या हातातून घेऊन सांगायला लागली. सकाळपासून सुरुवात केली. त्या दिवशी ब्रँचवर विड्या खराब म्हणून परत काढल्या होत्या, म्हणून उशीर झाला होता. जेवण झालं नव्हतं. पोटात दुसरं मूल होतं, नुकतंच कळलं होतं, आणि ते मला संध्याकाळी सांगायचं तिनं ठरवलं होतं. ते मूल राहिलं नाही, हे मला माहीत होतं. त्याच आठवड्यात गेलं, हेही माहीत होतं. पण हाक मारताना तिला माझ्याशी काय बोलायचं होतं, ते मी आता, मुलीला सांगितलेलं शेजारी बसून, पहिल्यांदा ऐकलं.

सायकलवाल्यांना मी येत नाही म्हणून कळवलं. हा कागद त्यांच्याकडे देणार आहे. ज्यांनी व्हिडिओ पाहिला त्यांनी हेही वाचावं. सत्कार करायचाच असेल तर दुकान अजून तिथंच आहे, रस्त्यापासून जरा आत. हिला मी विचारलं, तिकडे कार्यक्रम केला तर येशील का. ती म्हणाली, "सकाळच्या पारी असला तर येईन. उन्हाचं न्हाय."