एका दिवसात भरलेले सरपण

माझे सासरे एकदा माझ्या हातून वारले. त्यानंतर ते पुष्कळ वर्षे जगले, रोज दोन भाकरी आणि ठेचा खाऊन जगले. पण एक अख्खी सकाळ ते गावाच्या लेखी वारलेले होते, आणि त्याची सगळी व्यवस्था मी जातीने केली होती.

हे आज आठवायचे कारण तुमचे पत्र. तुम्ही लिहिता, तिकडे थंडी पडायच्या आधी, ऐन उन्हाळ्यातच घरामागची गॅसची टाकी भरून घेतलीत. "आजी, इथे सगळं आधीच करून ठेवावं लागतं!" बाळांनो, आधीच करून ठेवल्याने काय होते, ते तुमच्या आजीइतके कोणाला ठाऊक नाही.

तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. मी धुळ्याची, इंग्रजी शाळेत शिकलेली, आणि दोंडाईच्याला नव्याने सून म्हणून आलेली. गॅस म्हणजे लग्नाच्या वरातीत डोक्यावर घेतात त्या बत्त्या, एवढेच गावाला माहीत. घरात चूल. आणि चुलीला पावसाळाभर पुरेल एवढे सरपण उन्हाळ्यात भरायचे, हे सासूचे काम. आम्ही सगळे सासूबाईंना अक्का म्हणत असू. आमच्या अक्का होत्या मोठ्या खंबीर! फक्त त्यांची सरपण भरण्याची पद्धत मला मुळीच पसंत नव्हती. एका आठवड्यात गोवऱ्या, मग मध्येच पऱ्हाट्या (म्हणजे कापसाची वाळलेली झाडे), मग कधीतरी लाकडे, आणि बांबू आणायचा तर एकटाच, तोही मागच्या दाराने. मी विचारले, "अक्का, सगळं एकाच दिवशी का आणत नाही आपण?" तर त्या म्हणाल्या, "आणत नसतात." कारण विचारले तर म्हणाल्या, "विचारत नसतात."

असल्या उत्तरांनी माझे समाधान होत नसे. (शाळेत मला नीटनेटकेपणाचे बक्षीस मिळाले होते. त्या बक्षिसाने माझे जेवढे नुकसान केले, तेवढे कोणी केले नाही.)

त्यातून माझे एक गाडे अडलेले होते. गावातल्या मुलींच्या शाळेत बाई हवी होती, आणि मला तिथे शिकवायला जायचे होते. तुमचे आजोबा राजी, सासरे, म्हणजे आबा, निम्मे राजी. अक्कांनी मात्र एकाच वाक्यात निकाल लावला होता, "जिला घर भरता येत नाही, ती शाळा काय भरवणार?" शेवटी आबांनीच तोड काढली. "यंदाचं सरपण सूनबाई भरेल. नीट भरलं तर शाळा. नाही भरलं तर चूल आहेच."

आणि नेमक्या त्याच सुमारास अक्का भावाकडच्या लग्नाला नंदुरबारला गेल्या! मी ठरवले, त्या परत यायच्या आत सगळे सरपण भरून, रचून, झाकून तयार ठेवायचे. त्यांनी दारातच थक्क व्हायचे. (त्या थक्क झाल्या. तो भाग पुढे येईल.)

अडचण एकच आली. आबांना ऊन लागले. फार काही नव्हते. पण एरवी दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारणारे आबा मधल्या खोलीत आडवे झाले. तळपायांना कांद्याचा रस, तोंडावर ओला पंचा. ओटा रिकामा पडला. गावाने ते पाहिले. मी पाहिले नाही. मी सरपणाच्या विचारात होते. तुमचे आजोबा कचेरीच्या कामाला धुळ्याला गेलेले, म्हणजे मला अडवणारेही कोणी नव्हते.

सकाळी हिलाल गाडीवान आला. त्याच्या बैलगाडीत मी सांगितलेले सगळे एकदम होते: गोवऱ्या, लाकडे, कडबा, सुतळी आणि दोन लांबलचक बांबू. हिलाल खाली मान घालून उभा राहिला.

"आबा कसा शेत, माय?"

"पडून आहेत. मागच्या बोळात गाडी जाणार नाही ना? मग इथेच उतरव, दारासमोर."

"दारसमोरच उतारनं पडस," हिलाल हळूच म्हणाला, आणि त्याने सगळे उतरवले. जाताना त्याने दाराकडे बघून हात जोडले. मला वाटले, किती विनयशील माणूस!

आता माझी कल्पना ऐका. पावसाळ्यात जमिनीला ओल येते, गोवऱ्या भिजतात. म्हणून मी इंग्रजी पुस्तकात वाचले होते तसा एक मांचा करणार होते. दोन बांबू शेजारी-शेजारी ठेवायचे, त्यांना आडव्या काठ्या सुतळीने बांधायच्या, वर कडबा पसरायचा आणि त्यावर गोवऱ्या रचायच्या. धूळ बसू नये म्हणून वरून मांजरपाटाचे जाड पांढरे कापड घालायचे. पावसात काड्यापेटी सादळते, तेव्हा विस्तव राखायला कुंभाराकडून एक लहानसे मडकेही आणवले होते. ते तडकते की काय, हे पाहायला त्यात गोवरीचा तुकडा घालून निखारे भरले आणि धूर घरात नको म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवले.

मला सांगा, यात काय चुकले? मी धुळ्याच्या कारकुनाची मुलगी. आमच्याकडे सरपण वखारीतून येई. आणि बायका स्मशानात जात नाहीत, लहान मुलींना तर अशा वेळी शेजारच्या घरी नेऊन बसवतात. कोणाच्या अंगणात काय बांधतात, पुढे काय धरतात, हे मी जन्मात पाहिले नव्हते. दारासमोर उकिडवी बसून, पदर खोचून, गुणगुणत मी बांबूला काठ्या बांधत होते.

समोरून झिपरूनाना आले. नाना म्हणजे आमचे शेजारी, आबांचे लहानपणचे सोबती. माझ्याकडे बघून ते जागीच थिजले.

"आरे देवा! माय, हाई तू बांधी ऱ्हायनी?"

"हो नाना. घरात पुरुषमाणूस कोण आहे? आणि मला हौसही आहे."

नानांनी डोक्याचा फेटा काढला आणि डोळ्यांना लावला. मग माझ्याशेजारी बसले. "सर माय, बाजूले सर. अशी गाठ नई ऱ्हास." आणि त्यांनी माझ्या सगळ्या गाठी सोडून नव्याने मारल्या. काय तो हात! मी म्हटले, "नाना, तुम्हाला फार छान येतं हे!"

"येवाव नई का? गावमा बठ्ठासनी मीच बांधस."

हे ऐकून मला मनातून लाजच वाटली. गावात सगळ्यांकडे असा मांचा आहे, आणि फक्त आमच्याच घरात नाही! अक्कांना इतक्या वर्षांत हे सुचू नये?

तोवर माणसे जमू लागली. पुरुष उपरणे डोक्यावर घेऊन ओट्याच्या कडेला बसले, बायका पदर तोंडाला लावून भिंतीशी. मला वाटले, नव्या सुनेचे काम बघायला आल्यात. मी प्रत्येकीकडे बघून हसले! एक म्हातारी दुसरीला म्हणाली, "धक्का बसना तिले. डोकावर परिणाम व्हयी गया." मी तिलाही हसून पाणी विचारले. ती घाबरून मागे सरकली.

मग न्हावी आला. धोकटी काखेत, चेहरा पडलेला. मी म्हटले, "बरं झालं आलात! आबांची दाढी बरीच वाढली आहे. आधी त्यांचीच करा."

"आबासनी?" न्हाव्याच्या हातून धोकटी पडली.

"आत झोपलेत. हाक मारा, उठतील."

न्हाव्याने धोकटी उचलली आणि तो थेट कडुनिंबाखाली, सगळ्या माणसांच्या मागे जाऊन उभा राहिला.

मी मांच्यावर कडबा पसरला, गोवऱ्या रचण्याआधी कापड पुरते का ते पाहायला वर मांजरपाट अंथरले, दोन पावले मागे सरून बघितले. खरोखर सुबक झाले होते. एवढ्यात स्टेशनाच्या रस्त्याने आरोळी आली.

"माय वो! मना कुंकूले काय झायं वो!"

अक्का! गाडीतून उतरताच कोणीतरी त्यांना सांगितले असणार. पिशवी वाटेत टाकून, पदर सावरत, त्या खंबीर अक्का ठेचकाळत पळत येत होत्या. त्यांनी दारासमोरचे बांबू पाहिले, पांढरे कापड पाहिले, धुमसणारे मडके पाहिले, आणि मटकन खाली बसल्या. "माले न सांगता ग्यात! माले न सांगता!" म्हणत त्यांनी दोन्ही हात माझ्या मांच्यावर आपटले. बांगड्या फुटल्याचा आवाज झाला.

तो आवाज ऐकला आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बांबू, कडबा, सुतळी, मडके. नाना गावात सगळ्यांची बांधतात ती तिरडी! बाळांनो, धरणी पोटात घेईल तर बरे, असे लोक म्हणतात ना? त्या दिवशी मी ते धरणीला खरोखर विचारले. तिने घेतले नाही. उभ्या गावासमोर मी उभी, हातात सुतळीचा गुंडा, आणि चेहऱ्यावर अजून मघाचे हसू, कारण ते पुसायला वेळच मिळाला नव्हता.

मी अक्कांचे हात धरायला धावले, पण त्याआधी दार उघडले.

दारात आबा! डोक्यावर ओला पंचा, अंगाला कांद्याचा वास, डोळे लाल. "काय गोंधळ शे रे? माणूसले झोपू देतस का नई? कोन मरना?"

बायका भिंतीला चिकटल्या. कडुनिंबाखालचा न्हावी तर दिसेनासाच झाला. आबांनी गर्दीकडे पाहिले, मडक्याकडे पाहिले, रडणाऱ्या बायकोकडे पाहिले. मग खाली वाकून एक गाठ ओढून बघितली.

"हाई गाठ झिपरूनी शे. कोनासाठे बांधी रे नाना?"

"तुनासाठे," नाना रडत-रडत म्हणाले, आणि मग आपण कोणाला सांगतो आहोत हे लक्षात येऊन त्यांनी मोठ्याने रामनाम घेतले.

आबा बायकोजवळ बसले. "उठ व. मी जित्ता शे. आणि हात आपटू नको, उरलेल्या तरी राहू दे."

अक्कांनी त्यांच्याकडे पाहिले, त्यांचे पाय चाचपले (कांद्याने हात चिकट झाले) आणि मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिले. ते पाहणे मी लिहू शकत नाही. एवढेच सांगते की आजही रस्त्याने लाकडांची गाडी गेली की मी पदर पुढे ओढून घेते.

त्याच दुपारी कासाराला बोलावून अक्कांनी मनगटभर हिरव्या बांगड्या भरल्या. माझ्याशी त्या बोलल्या नाहीत. लाकडे आणि गोवऱ्या त्यांनी मागच्या दाराने, थोड्या-थोड्या करून आत नेल्या. बांबूंना हात लावू दिला नाही. नाना म्हणाले, "मी लई जास. कामे येतीन." आणि ते घेऊन गेले. तुमचे आजोबा संध्याकाळी आले, सगळे ऐकले आणि विहिरीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. ते रडत होते असे मानण्याइतकी मी भोळी नव्हते.

दुसऱ्या दिवशी आबा पुन्हा ओट्यावर बसले. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, "मेल्याची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं." मी मात्र शाळेचे नाव मनातून पुसून टाकले होते. मी जेवायला वाढत होते. तेव्हा आबा अक्कांना म्हणाले, "शाळेचं काय ठरलं?"

मी भाजीच्या पातेल्यात डोळे घातले. अक्का पहिल्यांदा बोलल्या. "जाऊ द्या तिला शाळेत."

"सरपण नीट भरलं म्हणता?"

"नीट नाही, फार नीट भरलं," अक्का नव्या बांगड्या मागे सारत म्हणाल्या. "घरात राहिली तर पुढच्या उन्हाळ्यात तुम्हाला पोचवूनच येईल!"

अशी मी शाळेत गेले. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिकाबाईंनी मला विषय नेमून दिला. मुलींच्या शाळेत तो सगळ्यांत महत्त्वाचा समजत, आणि माझा नीटनेटकेपणा त्यांच्या कानावर गेला होता म्हणे. विषय होता गृहव्यवस्था. त्यात पावसाळ्याच्या बेगमीचा एक धडा होता. तो आला की मी मुलींना म्हणत असे, "हा तुमच्या सासूबाईंना विचारा," आणि पान उलटत असे.