मी सांगितलेली दोन मिनिटं

खिदिरपूरच्या गोदीत मी कस्टम्समध्ये होतो. मुंबईहून बदली होऊन वर्ष झालं होतं. त्या थंडीत आमचं पहिलं मूल चार दिवसांचं होऊन गेलं. सासूबाई महिनाभर राहून परतल्या. मी आठव्या दिवशीच कामावर गेलो. जहाजांवर चढायचो, कागद बघायचो, सह्या करायचो. कुणी विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचो, आणि खरंच काही दुखत नव्हतं.

गोदीजवळ खलाशांसाठी एक विश्रामगृह होतं. ते चालवणारे पाद्री आयर्लंडचे. एकदा दोन जहाजांवर त्यांच्या देशाचे बरेच खलाशी एकदम आले, तेव्हा त्यांनी रविवारी सकाळी त्यांच्या गावाकडच्या फुटबॉलची मॅच ठरवली. मला म्हणाले, "तुम्ही ना या जहाजाचे, ना त्या जहाजाचे. वेळ तुम्हीच बघा."

हा खेळ मी कधी पाहिला नव्हता. त्यात चेंडू हातातही घेतात. गोलच्या खांबांना बांबू बांधून उंची वाढवली होती. आडव्या दांडीवरून चेंडू गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन.

शेवटी शेवटी निळ्या शर्टवाले दोन गुणांनी मागे होते. तेवढ्यात एक जण गुडघा धरून कोसळला. पाद्रींनी खेळ थांबवला. थांबलेला वेळ मी टिपायचा होता. त्याच्या पायावर कुणीतरी पांढरा टॉवेल टाकला, आणि मी त्या टॉवेलकडेच बघत राहिलो. किती वेळ, ते मला आजही सांगता येणार नाही.

"किती राहिला?" पाद्री ओरडले.

"दोन मिनिटं," मी म्हणालो. घड्याळाकडे न बघता.

त्या दोन मिनिटांत एका उंच खलाशाने चेंडू दांडीखालून आत मारला. तीन गुण. निळे एका गुणाने जिंकले. हरलेल्या संघाचा कप्तान, पिकल्या मिशांचा माणूस, धापा टाकत माझ्याकडे आला.

"साहेब, नक्की दोनच राहिली होती?"

"हो."

"मग झालं," म्हणत त्याने माझा हात हातात घेतला. मला लाज वाटायला हवी होती. तीही वाटली नाही.

मंगळवारी त्याचं जहाज सुटायचं होतं. शेवटची तपासणी माझ्याकडेच होती. डेकवर तो दोर गुंडाळत होता. मी म्हणालो, "परवाची वेळ मी अंदाजाने सांगितली. माझं लक्ष नव्हतं."

त्याने दोर खाली ठेवला. "कुठे होतं?"

"माझी मुलगी गेली. दोन महिने झाले."

त्याने टोपी काढली. मॅचबद्दल तो काहीच बोलला नाही. मग खालून मला हाक आली.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

"अहो, काय म्हणालात त्याला?"

"मुलगी गेली म्हणालो."

"इतके दिवस नुसतं 'ते झालं' म्हणत होतात."

तिने तव्यावरची पोळी उलटली. थोड्या वेळाने पानं घेतली आणि आम्ही जेवायला बसलो.