उलट विचारणाऱ्या मावशी

मावशींना प्रश्न विचारला की प्रश्नच परत मिळे. "मावशी, उद्या उपास धरू का?" असे कोणी म्हटले, की मेथी निवडता निवडता त्या मान वर न करता विचारत, "कुणासाठी? देवासाठी, की चर्चच्या पाळकांनी बघावं म्हणून?" मावशी मेथी निवडत राहत.

भूमच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने खेड्यापाड्यांतल्या मुलांसाठी एक बोर्डिंग चालवले होते. मावशी तिथल्या मेट्रन. पुढे बोर्डिंग बंद पडले. पण रविवारी उपासना आटोपल्यावर तरुण मुलामुलींना घेऊन बसण्याचा नेम त्यांनी मोडला नाही. मी त्या बैठकीत वाढलो. आज मी स्वतः शाळेत शिकवतो आणि शिकवण्याची एक पद्धत म्हणून त्यांच्या या सवयीकडे पाहतो, तेव्हा तिच्यामागचा विचार स्पष्ट दिसतो. त्या म्हणत, "माझ्या विश्वासावर तुम्ही किती दिवस काढणार? मी काय जन्माला पुरणार आहे?"

बैठकीत प्रार्थना आळीपाळीने मुलांनी करायची, असा दंडक होता. एकदा दानियलने डोळे मिटून, पाळकांच्याच खर्जात, "हे परमदयाळू स्वर्गीय बापा" अशी सुरुवात केली. मावशींनी त्याला मध्येच थांबवले. "घसा बसलाय का रे? आवाज पाळकांचा येतोय." सगळे हसले. दानियल चिडून म्हणाला, "मग कसं म्हणू?" मावशी म्हणाल्या, "आईला पैसे मागताना कसं म्हणतोस?" त्यानंतरची त्याची प्रार्थना तीन-चार वाक्यांची झाली, पण ती त्याची होती.

हा दानियल अणदूरचा, शिक्षणासाठी भूमला राहणारा. सुट्टीत तो मित्राच्या घरी गेला असता मित्राच्या आईने खंडोबाचा भंडारा त्याच्या कपाळाला लावला आणि याने तो तिच्यादेखत पुसून टाकला. परत आल्यावर हे तो मोठ्या अभिमानाने सांगत होता. मावशींनी त्याची पाठ थोपटली नाही आणि त्याला रागावल्याही नाहीत. "पुसलास ते तुझं तू ठरवलंस. पण पुसताना त्या माउलीचं तोंड बघितलंस का?"

"न्हाय बघितलं."

"मग पुढच्या सुट्टीत बघून ये. आल्यावर मला सांग, बरोबर केलंस का."

अशा रीतीने आमच्यातला प्रत्येक जण आपल्या विश्वासाचा हिशेब स्वतःच देऊ लागला. ही पद्धत चुकूही शकते, हे तेव्हा कोणाच्या मनात आले नाही. मावशींच्याही नाही.

शमुवेल भूमजवळच्या एका खेड्यातून एसटीने येई. लहानपणापासून त्याला साखरेचा आजार होता. इन्सुलिनची सुई घेतल्याशिवाय त्याचा दिवस जात नसे. त्या वर्षी बाहेरगावच्या एका उपदेशकाने गावात मंडप घालून चंगाईची, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याची, सभा भरवली. ज्याचा विश्वास पुरा आहे त्याला सुईची गरज नाही, असे त्याने व्यासपीठावरून सांगितले. रविवारी शमुवेल मावशींपाशी आला. आम्ही तिथेच होतो.

"मावशी, सुई बंद करू का? माझा विश्वास कमी पडतोय म्हणत्यात."

मावशींनी नेहमीप्रमाणेच विचारले, "सुई बनवायची अक्कल माणसाला कुणी दिली? नीट विचार कर. पुढच्या रविवारी मला सांग."

त्या प्रश्नात उत्तर होते. आम्हा सर्वांना ते दिसले. शमुवेलला दिसले नाही, किंवा दिसूनही त्याला स्वतःची परीक्षा पाहायची होती. सोमवारी त्याने सुई घेतली नाही, मंगळवारीही नाही. त्याला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा ही परीक्षाच आहे असे सांगून त्याने आईला थोपवून धरले. धाराशिवच्या दवाखान्यात नेईपर्यंत त्याची शुद्ध हरपली होती. पुढचा रविवार त्याने पाहिला नाही.

अंत्यविधीच्या वेळी मंडळीतला एक पंच म्हणाला, "देवाची इच्छा. आपण काय करणार?" मावशी भिंतीला धरून उभ्या राहिल्या. "देवावर ढकलू नका. पोरानं मला विचारलं होतं. 'बंद करू नको' एवढंच म्हणायचं होतं. मी शिकवत बसले." शमुवेलच्या आईने त्यांच्याकडे पाहिले. "माझं लेकरू तुम्हाला इचारायला आलं, आन् तुम्ही त्यालाच इचारलंत व्हय?"

बैठक बंद झाली. मावशी उपासनेला येत, मागच्या बाकावर बसत आणि शेवटच्या आशीर्वादाआधीच उठून जात. आम्ही घरी गेलो तर चहा देत. विषय निघाला तर, "पोरांनो, घरी जा," म्हणत. उन्हाळा उलटल्यावर एके दिवशी शमुवेलची आई आपल्या धाकट्या लेकीला, एस्तेरला, घेऊन त्यांच्या दारात आली. मी तिथे होतो. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"तुम्हाला म्या माफ केलेलं न्हाय," ती म्हणाली. "पर ही घरात येकलीच रडती, आन् मला जे इचारती त्याचं माझ्यापाशी काय न्हाय. म्हणून आणली."

"माफ करू नका," मावशी म्हणाल्या. "तिला येऊ द्या."

पुढच्या रविवारी बैठक पुन्हा भरली. एस्तेरने पहिलाच प्रश्न विचारला, "मावशी, दादाला देवानं का नेलं?"

"देवानं नेलं नाही, बाळ," मावशी म्हणाल्या. "औषध थांबलं म्हणून तो गेला. ते मी थांबू द्यायला नको होतं. कुणीही, अगदी पाळकानं किंवा मीसुद्धा, औषध टाक म्हटलं तर टाकायचं नाही. यात विचार करायचं काही नाही." एवढे बोलून त्यांनी एस्तेरला शेजारी बसवून घेतले. "बाकीचं सगळं मात्र तुझं तुलाच शोधावं लागेल. मी सोबत बसेन."

त्या बसल्या, पुढे कित्येक वर्षे. शेवटी अंथरुणाला खिळल्या, तेव्हा बैठक त्यांच्या खाटेभोवती भरे आणि एस्तेर त्यांच्याशी कडाडून वाद घाली. गेल्या वर्षी मावशी वारल्या. दफनभूमीत आम्ही एकेक करून मूठमूठ माती दिली, एस्तेरनेही दिली. तिची आई आली होती, पण कुंपणाबाहेर उभी राहिली. पाळक तिला आत बोलवायला निघाले, क्षमेविषयी दोन शब्द सांगावेत म्हणून. एस्तेरने त्यांची वाट अडवली.

"राहू द्या पाळकसाहेब," ती म्हणाली. "आईचं आईला ठरवू द्या."

आई आत आली नाही. विधी संपेपर्यंत ती उन्हात तशीच उभी होती.