जावयाचं घड्याळ, मामांचं मनगट

साखरपुड्यात जावयाला द्यायचं घड्याळ एक मामा दुकानात निवडत होते. प्रत्येक घड्याळ स्वतःच्याच गुबगुबीत मनगटावर चढवून आरशात निरखत होते.

“मामा, ते वायरमन आहेत,” भाची म्हणाली. “धातूचा पट्टा कामावर चालत नाही. त्यांचं पहिलंच चांगलं घड्याळ आहे, रोज घालता येऊ दे. रबरी पट्ट्याचं घेऊ या.”

“रबरी? चारचौघांत शोभेल का?”

कोण मेले हे चारचौघे? त्यांना ना खांबावर चढायचं, ना तारांना हात लावायचा. पण पसंती त्यांची! जेवून उठले की घड्याळ विसरतील, आणि जावई ते कपाटात ठेवून कामाला जाईल.

शेवटी सोनेरी पट्ट्याचंच ठरलं. मामांच्या हातावर ते फार शोभत होतं.