वेगाच्या गाडीवरून बाबांशी झालेला वाद

त्या वर्षी काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या गणपतीत मी चारचौघांत बाबांविरुद्ध भाषण केलं, आणि तेही आगगाडीवर. संयुक्त महाराष्ट्र अजून हातात यायचा होता, पण येणार हे दिसायला लागलं होतं. चाळीत जो तो वक्ता झाला होता. पहिल्या मजल्यावर बँकेत काम करणारे एक काका राहायचे. जपानात वाऱ्यासारख्या धावणाऱ्या गाडीसाठी नवे रूळ टाकायला घेतलेत, असं त्यांनी पेपरात वाचलं आणि गणपतीतल्या वादविवाद स्पर्धेला विषयच देऊन टाकला: आपल्या एवढ्या मोठ्या देशाला अशी गाडी हवी का?

'नको' म्हणायला बाबा आपणहून उभे राहिले. ते परळच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. 'हवी' म्हणणार होता चाळीतला एक कॉलेजकुमार. पण मोर्च्यात घोषणा देऊन देऊन त्याचा घसा साफ बसला. आदल्या दिवशी तो आमच्या दारात उभा राहून नुसते हातवारे करू लागला. त्याच्या मागून काका आले आणि मला म्हणाले, "आता तूच बोल. नाहीतरी घरी बाबांशी भांडतेसच ना?"

मी तेव्हा कॉलेजात इंटरला होते. बाबा दाढी करत होते, ते आरशातूनच म्हणाले, "घरची म्हणून सोडणार नाही हां!"

"मी तरी कुठे सोडणारे?"

मग काय, बाबा गॅलरीत पुटपुटताहेत, मी मोरीपाशी पुटपुटतेय, आणि मधे चुलीशी बसलेली आई दोघांचंही ऐकून पदराआड हसतेय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडव भरला. माझं तोंड सुटलं ते सुटलं. मी म्हणाले, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र मागतो आपण. पण नागपूरच्या माणसाला मुंबई गाठायची तर रात्र गाडीत काढावी लागते, दिल्लीचं तर विचारूच नका. देश मोठा आहे म्हणूनच वेग हवा. माणसं एकमेकांना लवकर भेटली, तरच ती एकमेकांची होतील." टाळ्या पडल्या. घसा बसलेल्या कॉलेजकुमाराने दोन्ही हात वर केले.

बाबा उठले. "माझी मुलगी छान बोलली," ते म्हणाले, "पण वेगाची गाडी थांबत नाही. थांबली तर वेग कसला? जपान आटोपशीर देश, गावाला गाव चिकटलेलं. आपल्याकडे दोन मोठ्या शहरांच्या मधे शेकडो गावं. ती काय धूळ खात गाडी बघत राहणार? आधी सगळ्यांना बसायला फळी द्या, मग काहींना पंख द्या." त्यांनाही टाळ्या पडल्या, माझ्यापेक्षा थोड्या जास्तच.

तेवढ्यात बायकांतून आई उठली. ती मालवणकडची, मांडवात कधी तोंड न उघडलेली. "तुमी दोघांय बरा बोललात," ती थेट गावच्या मालवणीवर येत म्हणाली, "पण माज्या गावाक जाणारी गाडी खंय आसा, ता आधी सांगा!"

मांडव खदखदून हसला. हसणारे निम्मे कोकणातलेच. भाऊच्या धक्क्यावरून बोटीने गावी जाणारे. परीक्षक होते निवृत्त हेडमास्तर. त्यांनी डोळे पुसत पुसत, एका दिवसाच्या तयारीवर बोलले म्हणून, निकाल माझ्या बाजूने दिला, आणि सगळ्यांत मोठ्याने टाळ्या बाबांनी वाजवल्या.

घरी आल्यावर आई खरं बोलली. रेल्वेत नोकरी म्हणून बाबांना घरच्यांसाठी फुकट पास मिळायचा. पण गावाला रूळच नव्हते, त्यामुळे तो दरवर्षी वाया जायचा. "घरात गाडी-गाडी करून माझे कान किटले," ती म्हणाली, "आणि मी अजून लांबच्या गाडीत पाय ठेवला नाही."

बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. दिवाळी झाल्यावर आम्ही तिघं त्या पासावर नाशिकला निघालो. कसाऱ्याच्या घाटात आई खिडकी सोडेना. बोगद्यात शिरलो की ती माझा हात घट्ट धरायची आणि बाहेर आलो की लहान मुलीसारखी ओरडायची, "पुन्हा!" बाबा तर असे ऐटीत, जणू घाट त्यांनीच खोदला होता!

परतताना नागपूरहून येणाऱ्या गाडीत जागा मिळाली. समोर मांडीवर बाळ घेऊन एक तरुण बाई बसली होती, डोळे जागरणाने लाल. आईने बाळाला घेतलं आणि तिला पाय पसरायला लावले.

"कालच्या सांजेपासून बसून आहे मी," ती म्हणाली. बाळंतपणाला माहेरी गेली होती. नवरा परळच्या गिरणीत कामाला. "थ्यानं अजून पाह्यलंच नाही पोराले. दादरले वाट पाहून राहिला असन."

झालं! त्यानंतर आईला धीर धरवेना. इगतपुरीला गाडी थांबली, तर आई बाबांना म्हणाली, "काय करतात एवढा वेळ?" बाबा म्हणाले, "इंजिन बदलतात." कल्याणला गाडी थांबली तेव्हाही तिचा तोच प्रश्न. सिग्नलला गाडी उभी राहिली तेव्हा तिने बाबांकडे असं पाहिलं, जणू लाल दिवा त्यांनीच लावला असावा.

"अगं, पण तू माझ्या बाजूची ना?" बाबांनी विचारलं.

"मी ह्या बाळाच्या बाजूची. पळवा की जरा!"

दादरला एक उंच, किडकिडीत माणूस डब्यांत डोकावत धावत होता. बाईने हाक मारली. तो दारापाशी आला आणि तसाच उभा राहिला. हात पुढे करायचंही त्याला सुचेना. आईनेच बाळ त्याच्या हातांत ठेवलं. बाळाने जोरात भोकाड पसरलं आणि तो माणूस हसायला लागला, इतका की फलाटावरचा हमालही थांबून हसला.

त्याने आम्हाला सोडलंच नाही. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही," म्हणत परळच्या आपल्या खोलीवर नेलं. शेजारणीने बाळाला ओवाळलं. आईच्या हातात कुणीतरी गरम भज्यांची बशी दिली, आणि ती मालवणीत, गाडीतली ती बाई वऱ्हाडीत, अशा दोघी सासर-माहेरच्या गप्पा मारत बसल्या. बाबा आणि मी दाराशी उभं राहून वेगाच्या गाडीवरून पुन्हा भांडायला लागलो होतो. बाळाचा बाप मात्र आमच्याकडे बघतही नव्हता. तो बाळाची बोटं एकेक करून उघडून पाहत होता.