जात्याला बांधलेला पिवळा फडका

माझ्या दंडातलं मांस कमी झालं, म्हणून आमच्या बालाजीचं लग्न मोडायची वेळ आली.

दंडाचा आणि लग्नाचा काय संबंध, असं तुम्हाला वाटंल. मलाही तसंच वाटलं होतं.

झालं असं, की मला भरलेली कळशी उचलंना. मग डब्याचं झाकण निघंना. मालक म्हणाले, आजकाल झाकणंच घट्ट बनवायलेत. (लई मायाळू माणूस. आदल्या दिवशी तेच झाकण त्यांनी एका हातानं उघडलं होतं.) शेवटी आमच्या शेंडेफळानं, बालाजीनं, मोटरसायकलवर बसवून आमच्या तेर गावाहून धाराशिवला नेलं. डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची. बाजारात वांगं दाबून बघतात तसा तिनं माझा दंड दाबून बघितला. म्हणाली, आजी, वय झालं की मांस झिजतं, बसून राहिलं की जास्तच झिजतं. दोन्ही वेळेला डाळ, उसळ खा, दूध घ्या, फुटाणे खा, आणि हाताला काहीतरी जोर द्या. पाण्याच्या बाटल्या उचलल्या तरी चालंल.

बाटल्या! जिनं जन्मभर ज्वारीची पोती ओढली, तिनं अंगणात उभं राहून बाटल्या वरखाली करायच्या? लोक काय म्हणतील? (त्या भीतीनं मी जे केलं, त्यानंच लोक म्हणायला लागले.)

मला जातं आठवलं. गिरणी आल्यापासून ते गोठ्यात पडून होतं. त्याच्यावर फुटाणे दळले, तर हाताला जोर आणि पोटाला पीठ, दोन्ही कामं होतील. बालाजीनं ते ओसरीवर आणून दिलं. मी धुतलं. इतक्या वर्षांनी कामाला लावायचं, म्हणून हळदी-कुंकू वाहिलं. खुंटा हाताला टोचायला लागला, म्हणून जुन्या लुगड्याचा फडका गुंडाळला. तो नेमका पिवळा निघाला. आणि जात्यावर बसल्यावर बाईचा गळा गप कसा राहील? ओव्या म्हटल्या, त्यात रीतीप्रमाणं लेकाचं नाव घातलं.

आता शेजारच्या शांताबाईनं भिंतीवरनं काय बघितलं, ते बघा. पूजलेलं जातं, खुंट्याला पिवळा फडका, भोवती पिवळं पीठ, आणि ओवीत बालाजी. गिरणीच्या जमान्यात आमच्याकडं जातं असं पूजून मांडतात ते लग्नाची हळद दळायला. शांताबाईनं मला काही विचारलं न्हाई. हळद दळायला आपल्याला बोलावलं न्हाई, ह्याचाच तिला राग. तो राग तिनं नळापासून बसस्टँडपर्यंत भेटंल त्याला सांगितला.

एरवी हे हसण्यावारी गेलं असतं. पण पोरगं तिशी ओलांडलेलं, त्यात शेती करणारं. अशाला आजकाल मुलगी कोण देतं? लई ठिकाणचे नकार ऐकून झाल्यावर जळकोटच्या शीतलनं त्याला पसंत केलं होतं. घरच्यांचा होकार तेवढा यायचा होता. आणि शांताबाईची लेक दिलेली कुठं? जळकोटलाच!

संध्याकाळी शीतलच्या आईचा फोन आला. मालकांनी घेतला. बाई म्हणाल्या, दुसरीकडं ठरवलं असंल तर सांगायचं तरी, आम्ही किती वाट बघायची? मालक म्हणाले, कुणाचं ठरलं? बाईंना वाटलं, माणूस सोंग करतोय. त्यांनी फोन ठेवला. पुढं आम्ही कितीदा लावला, कुणी उचलला न्हाई.

बालाजी जेवला न्हाई. मी खुंट्याचा फडका सोडायला लागले, म्हणाले, ने हे जातं परत गोठ्यात. त्यानं माझा हात धरला.

"राहू दे, आई. तू दळत जा. तुझ्या हातात ताकद आली पायजे. लग्नाचं बघू."

मी पदर तोंडाला लावून आत गेले.

दुसऱ्या दिवशी शीतलची आई स्वतःच खरं-खोटं बघायला आली. मी जात्यावरच होते. उठून पाणी द्यावं, तर मला उठताच येईना. हाताच्या नादात पाय मी साफ विसरले होते. बसल्या बसल्याच हात जोडले आणि सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसंना. मग मी बाही वर सारून होणाऱ्या विहिणीपुढं दंड धरला. म्हणाले, दाबा, हाय का काही ह्याच्यात? (सोयरे घरी आल्यावर त्यांना दंड दाबायला देणारी आमच्या घराण्यातली मी पहिलीच.) मालकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं.

बाईंनी चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं. "फुटाण्याचंच हाय की." मग हळूच विचारलं, "सोयरीक मोडायली म्हणून पोरगं काय म्हणलं तुम्हाला?"

बालाजी जे बोलला होता, ते मी सांगितलं. बाई माझ्यासमोर जात्यापाशी बसल्या, खुंट्याला हात लावला, आणि आम्ही दोघींनी मिळून उरलेले फुटाणे दळले. लगेच दमल्या. दंड त्यांचाही माझ्यासारखाच.

"हे जातं आता आत ठेवू नका," त्या म्हणाल्या. "पोरांची हळद बी ह्याच्यावरच दळा."

मी आनंदानं उठायला गेले, त्याही उठायला गेल्या. दोघींना हाताला धरून उभं करायला बालाजीच लागला.

आता मी सकाळी दळते आणि वर पायासाठी अंगणात खुर्चीवरनं उठ-बस करते. शांताबाईनं गावात सांगितलंय, म्हातारी लेकाच्या वरातीत नाचायचा सराव करायलीया. ह्या खेपेला मात्र ती बिचारी खरं बोलायली.