जाता जाता राहिलेली शाळा

महू रस्त्यावरचं आमच्या शाळेचं गाव महापालिकेत आलं, पण शाळा ग्रामीण खात्यातच राहिली. गावात पालिकेची कचरागाडी गाणं वाजवत फिरते आणि आम्हाला साध्या रजेच्या कागदासाठी महूला ग्रामीणच्या ऑफिसात खेटे! शहरात बडा गणपती भागात माझं घर, तिथून शाळेत पोचतानाच माझा जीव मेटाकुटीला येतो. म्हणून ग्रामीणमधून फुटून शहराच्या शाळांत सामील व्हायचा झेंडा मीच खांद्यावर घेतला. अर्ज माझा, सह्या मी गोळा केलेल्या, तोरा तर विचारूच नका.

शाळेत मुलांचं जेवण रांधणाऱ्या मावशी मराठीच, मिल कामगाराची विधवा. शहरातल्या शाळांना जेवण गाडीने येतं, हे त्यांच्या कानावर गेलं.

"मॅडमजी, मग माझी चूल?"

"होईल हो काहीतरी," मी म्हटलं. काय होणार ते मला चांगलं ठाऊक होतं. वाईटही वाटायचं, पण महूची बस आठवली की ते ओसरायचं.

अर्जावर निर्णय देणारे साहेब शाळा तपासायला यायचे होते त्या दिवशी भिंतीवरच्या मेन्यूत होती पोळी-भाजी. सकाळी बघते तर मागच्या अंगणात गोवऱ्यांचा धूर आणि मावशी निखाऱ्यांवर बाफले, म्हणजे कणकेचे उकडलेले गोळे, भाजतायत. शेजारी तुपाचा डबा, तोही घरून आणलेला.

"अहो, आज पोळी-भाजी आहे ना!"

"गलती झाली जी," मावशी म्हणाल्या. चेहऱ्यावर पश्चात्तापाचं नावनिशाण नाही.

साहेबांना वर्ग पसंत पडले, अर्जही पसंत पडला. मग रिवाजाप्रमाणे मुलांचं जेवण चाखायला बसले. "मेन्यू में तो रोटी-सब्ज़ी है?" म्हणून त्यांनी भुवया चढवल्या. मावशींनी बाफला कुस्करला, डाळ ओतली, वर तूप सोडलं. चाखता चाखता साहेबांनी कमरेचा पट्टा सैल केला.

हात धुताना त्यांनी विचारलं, "स्कूल शहर में आ गया तो ये बंद हो जाएगा?"

"हो जाएगा, साहब," मावशी अगदी गरीब आवाजात म्हणाल्या.

साहेबांनी माझा अर्ज पुन्हा फाइलीत सरकवला. "मैडमजी, मामला पेचीदा है. फिर से देखना पड़ेगा."

तेव्हापासून साहेब दर महिन्याला 'फिर से' बघायला यायचे आणि नेमकी त्याच दिवशी मावशींची गलती व्हायची. मी महूच्या बसमध्ये उभ्याने जायची, मनातल्या मनात मावशींच्या नावाने बोटं मोडायची आणि बाफल्यांच्या दिवशी ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे असायची.

परवा साहेबांची बदली झाल्याचं कळलं. आता अर्ज सरळ मंजूर होईल, असं हेडसर मला आनंदाने सांगत होते. मावशी चुलीपाशी नुसत्याच बसलेल्या होत्या. विस्तवसुद्धा पेटवला नव्हता. मला बघवेना.

"मॅडमजी, नवे साहेब कसे आहेत, काही पता चला?"

"तूप बंद आहे त्यांचं," मी म्हटलं. ऑफिसात चौकशी करूनच आले होते. "पण कढीवर जीव आहे."

मावशी पदर खोचून उठल्या.

"दही मी घरून आणते," मी म्हटलं.